नदीचं मूळ, धातूचं कूळ

बंद पडलेल्या खाणीजवळच्या मळ्यातली पालेभाजी कुणीतरी तपासायला पाठवतं. अहवालात शिसं किंवा कॅडमियम जास्त निघतं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन फळ्या उभ्या राहतात. एक म्हणते, खाणीनं विष पेरलं, आता भरपाई द्या. दुसरी म्हणते, अहो, इथली जमीनच धातूची. धातू होता म्हणून तर खाण निघाली. दोघांच्या हातात तोच कागद असतो आणि त्यावर तोच आकडा असतो. तरी दोघांनाही वाटतं की तो आकडा आपल्याच बाजूनं साक्ष देतोय. हा वाद जगात कितीतरी ठिकाणी झाला आहे आणि बहुतेक वेळा एकाच जागी रुतला आहे: धातू कुणाचा? हा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण त्याचा नंबर दुसरा आहे. धातू झाडात शिरला कुठल्या वाटेनं, मुळातून की पानावरून, पाण्याबरोबर की धुळीबरोबर, हा पहिला प्रश्न. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, अशी म्हण आहे. इथे सगळे धातूच्या कुळावरून भांडतात आणि मूळ, म्हणजे अक्षरशः झाडाचं मूळ, तपासायचं राहून जातं.

आधी तो आकडाच बघू. पालेभाजीत साधारण नव्वद टक्के पाणी असतं. प्रयोगशाळेत पान साठ-सत्तर अंशांवर वाळवतात, कुटतात, नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि यंत्राला देतात. त्यामुळे संशोधनाच्या कागदावर धातूचं प्रमाण बहुधा कोरड्या वजनावर लिहिलेलं असतं. अन्नाच्या मर्यादा मात्र ताज्या भाजीवर ठरतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात पालेभाजीसाठी शिशाची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.२. आता कोरड्या वजनावर २ मिलिग्रॅम शिसं निघालं, तर ताज्या पानात ते ०.२ च्या आसपास बसतं. पण घाईत असलेला माणूस २ ला ०.३ नं भागतो आणि 'मर्यादेच्या जवळजवळ सातपट' असा मथळा तयार होतो. एकदा ही चूक पकडली गेली की दुसऱ्या फळीला आयतं कोलीत मिळतं, आणि मग खरोखर मर्यादा ओलांडलेल्या भाजीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

बरं, आकडा नीट वाचला तरी तो कशाचा आहे? एकाच रोपाची पानं दोन वाट्यांत घ्या. एका वाटीतली तशीच वाळवा, दुसरीतली आधी खळखळून धुवा. दोन्हींतल्या शिशात मोठा फरक पडला तर त्यातलं बरंचसं शिसं झाडानं शोषलेलंच नव्हतं, पावसाच्या थेंबांनी उडालेली माती आणि वाऱ्यानं आणलेली धूळ पानावर बसली होती. यावर एक जुनी आणि मला फार आवडणारी युक्ती आहे: सोबत टायटॅनियमही मोजायचं. मातीत टायटॅनियम भरपूर असतं आणि झाड ते जवळजवळ घेतच नाही. पानाच्या नमुन्यात टायटॅनियम दिसलं की तेवढी माती पानाला चिकटून आली आहे असं समजायचं. खर्च फार नाही, वेळ फार नाही. तरी असे अहवाल वाचताना पानं धुतली होती का, कशानं धुतली, एवढीही ओळ सापडत नाही, तेव्हा चिडचिड होते. धुण्यानं सगळं सुटतं असं नाही, हेही सांगायला हवं. अगदी बारीक कण पानावरच्या मेणात रुततात, काही पर्णरंध्रांतून आतही जातात. पण म्हणून धुऊच नये?

आणि सगळे धातू एका माळेचे मणी नाहीत. शिसं घरकोंबडं आहे. मातीतल्या सेंद्रिय पदार्थांना, फॉस्फेटला ते घट्ट धरून बसतं आणि मुळात शिरलंच तर बरंचसं मुळातच अडकतं. कॅडमियम भटकं. माती जरा आम्लधर्मी झाली की ते पाण्यात सुटतं, जस्त-मँगेनीजच्या दारांतून मुळात घुसतं आणि पानापर्यंत, दाण्यापर्यंत पोचतं. म्हणून पानात शिसं जास्त दिसलं तर माझा पहिला संशय धुळीवर जाईल, आणि कॅडमियम दिसलं तर मातीच्या आम्लतेवर. 'जड धातू सापडले' या तीन शब्दांत हा सगळा फरक गडप होतो.

एकूण किती धातू आहे यावरून काहीच का कळत नाही, हे बघायचं तर दोन गावं शेजारी ठेवावीत. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातलं शिपहॅम हे जस्ताच्या जुन्या खाणींचं गाव. १९७९ मध्ये तिथल्या मातीत कॅडमियम किलोमागे काही जागी ३०० मिलिग्रॅमच्याही वर असल्याचं बाहेर आलं आणि हलकल्लोळ झाला. गावकऱ्यांच्या तपासण्या झाल्या. भीती होती त्या मानानं फारच किरकोळ परिणाम दिसले. दुसरीकडे जपानमधल्या तोयामा प्रांतातलं जिंझू नदीचं खोरं. तिथल्या भातखाचरांतलं कॅडमियम किलोमागे अवघं काही मिलिग्रॅम, शिपहॅमच्या तुलनेत नगण्य. आणि त्याच खोऱ्यात बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानंही मोडत. 'दुखतंय, दुखतंय' या अर्थाच्या शब्दांवरून त्या रोगाचं नाव इताई-इताई पडलं. कमी कॅडमियमच्या जागी माणसं मेली आणि जास्तीच्या जागी वाचली, हे कसं? शिपहॅमची माती चुनखडीची, आम्लता मारणारी. त्यात कॅडमियम जखडून पडलेलं, शिवाय सोबत जस्त मुबलक. घरच्या मळ्यातली भाजी हा तिथल्या ताटाचा लहानसा भाग. जिंझूची माती आम्लाकडे झुकलेली, आणि लोक वर्षानुवर्षं रोज आपल्याच खाचरातला भात खाणारे. शिपहॅमच्या खाणी सोवळ्या होत्या असा याचा अर्थ नाही. तिथल्या लोकांना चुनखडीनं वाचवलं, एवढाच आहे.

आता दुसऱ्या फळीचं सगळ्यांत बळकट म्हणणं. माती मुळातच तशी असते, हे खरं आहे. खनिजाचा पट्टा वर आलेला असेल तर त्यावरची माती कुणी कुदळ मारण्याच्या हजारो वर्षं आधीपासून धातूनं भरलेली असते. झाडंही त्या मातीला सरावतात. जर्मनी-बेल्जियम सीमेजवळ जस्ताच्या मातीत एक पिवळी रानव्हायोलेट फुलते. ती जिथे फुलते तिथे जस्त असतंच. मोहरीच्या कुळातलं नॉकिया सेरुलेसेन्स हे वीतभर रोप पानाच्या कोरड्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त जस्त साठवतं. न्यू कॅलेडोनियात एका झाडाचा चीक निकेलमुळे निळसर हिरवा असतो आणि वाळवला तर त्यात जवळपास पाव हिस्सा निकेल निघतं. या झाडांना कुणी विष पाजलेलं नाही. फुलं ओळखून खनिज हेरणारे लोक होते आणि ती विद्या थोतांड नव्हती. तेव्हा खाणीजवळच्या प्रत्येक पानातला धातू खाणवाल्याच्या नावावर मांडणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

पण याच विद्येच्या पोटात एक गंमत दडलेली आहे. आफ्रिकेत कटांगा भागात हौमानियास्ट्रम कटांगेन्से नावाचं रोप आहे; त्याला तांब्याचं फूल म्हणतात. ते दिसलं की जमिनीत तांबं आहे असं समजायचं. पुरातत्त्वज्ञांनी ते काही ठिकाणी खणून पाहिलं, तर खाली जुन्या भट्ट्या निघाल्या. काही शतकांपूर्वी माणसांनी तिथे तांबं गाळलं होतं, त्याची मळी आणि चुरा मातीत मिसळला होता, आणि त्यावर हे फूल माजलं होतं. ज्याला 'नैसर्गिक खूण' म्हणायचं ती माणसाच्या हाताची खूण निघाली. पिवळ्या व्हायोलेटचे कित्येक ताटवेही आज खाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यांवरच उभे आहेत. जुन्या खाणीच्या परिसरात 'मुळातच' या शब्दाचा अर्थ काय? कुठल्या सालापासून मुळातच?

हा शब्दांचा खेळ एकदा फार महाग पडला आहे. अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिसं घालायला सुरुवात झाली तेव्हा रॉबर्ट केहो हे त्या उद्योगाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात, मोटारींपासून दूर राहणाऱ्या लोकांमध्ये शिसं मोजलं. तिथेही ते निघालं. निष्कर्ष: शरीरात थोडं शिसं असणं निसर्गाचंच आहे. या निष्कर्षावर अनेक दशकं निभावली. मग क्लेअर पॅटरसन आले. उल्केतलं शिसं मोजून १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं ठरवणारे हेच. त्या कामात त्यांना जिथे तिथे शिसं आडवं येत होतं. हवेतून, भांड्यांतून, रसायनांतून. प्रयोगशाळा चकाचक केल्याशिवाय एक आकडा खरा निघेना. १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की नेहमी आढळणारं आणि नैसर्गिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजच्या माणसाच्या अंगातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. केहोंच्या मेक्सिकन खेड्यात मोटारी नव्हत्या, पण शिसं वापरण्याचा माणसाचा इतिहास हजारो वर्षांचा. ग्रीनलंडच्या बर्फात रोमन काळातल्या थरांमध्येही शिसं नेहमीच्या सुमारे चौपट आहे आणि त्यातलं बरंचसं स्पेनमधल्या खाणींचं निघालं. खाणीजवळच्या मातीला 'शेजारच्या टेकडीवरही तेवढंच आहे' हे प्रमाणपत्र देणारा केहोंचीच चूक करत असतो. शेजारच्या टेकडीवर भट्टीचा धूर कधी गेलाच नव्हता, हे त्याला कुणी सांगितलं?

इथे पहिल्या फळीतला हुशार माणूस म्हणतो, ठीक आहे, मग समस्थानिकं, म्हणजे एकाच धातूची वेगवेगळ्या वजनाची रूपं, मोजू आणि सोक्षमोक्ष लावू. हे हत्यार खरंच धारदार आहे. शिशाची चार स्थिर रूपं: २०४, २०६, २०७ आणि २०८. पहिलं पृथ्वीबरोबर आलेलं. २०६ आणि २०७ युरेनियमच्या दोन रूपांपासून, २०८ थोरियमपासून बनत राहतं. खनिज ज्या काळी गोठलं त्या काळचं प्रमाण त्यात कायम राहतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलचं खनिज सुमारे १७० कोटी वर्षांचं; त्यात २०६ आणि २०७ यांचं गुणोत्तर १.०४ च्या जवळ. अमेरिकेतल्या मिसुरीच्या शिशात तेच सुमारे १.३. शिशाची समस्थानिकं वजनानं इतकी जवळजवळ आहेत की भट्टीत गाळलं काय, मुळानं शोषलं काय, गुणोत्तर जवळजवळ हलत नाही. पानातलं शिसं आपली जन्मपत्रिका बरोबर घेऊन फिरतं म्हणा ना.

पण पत्रिकेत जन्मगाव असतं, प्रवास नसतो. खाणीतून काढून, दळून, गाळून उडालेलं शिसं आणि त्याच डोंगराच्या उघड्या कातळातून पावसानं झिजून आलेलं शिसं, दोघांची पत्रिका तीच! म्हणजे ज्या वादासाठी हे हत्यार बाहेर काढलं त्याच वादात ते बोथट. स्रोत तीन झाले की आणखी पंचाईत. दोन स्रोतांच्या मिश्रणानं जे गुणोत्तर येतं तेच तिसऱ्या एकट्याचंही असू शकतं. जस्त आणि कॅडमियमची समस्थानिकं याहून चंचल: भट्टीत हलकी आधी उडतात आणि जड मळीत उरतात, ही खूण कामाची आहे, पण मुळातून पानात चढतानाही त्यांची गुणोत्तरं सरकतात. ऑस्ट्रेलियातल्याच माउंट आयझा या खाणीच्या शहरात नेमका हा पेच पडला. शहरातलं शिसं उघड्या खनिज-कातळातून येतं, निसर्गाचं आहे, असं तिथे वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं, आणि समस्थानिकं एकटी त्यावर तोडगा काढू शकत नव्हती. मग संशोधकांनी साधी गोष्ट केली: माती वरून आणि खालून वेगवेगळी मोजली. कातळ झिजून शिसं आलं असतं तर खाली, कातळाजवळ, ते भरपूर असायला हवं होतं. ते वरच्या दोन-चार बोटांतच साचलेलं निघालं. वरून पडलेलं वर सापडतं. हे कळायला अणूच्या गर्भात शिरावं लागलं नाही, फावडं पुरलं.

कणांचा आकारही बोलतो. भट्टीच्या उष्णतेत वितळून थिजलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली छऱ्यासारखे गोल दिसतात. दळलेल्या दगडाचे कण कोपरेदार, कातरलेले. पानावर गोल कण सापडले तर कातळ सुटला, भट्टी अडकली. कोपरेदार सापडले तर नजर दळलेल्या खनिजाच्या उरलेल्या ढिगाऱ्याकडे, ज्याला टेलिंग्ज म्हणतात त्याकडे, वळवायची. 'खाण' म्हणजे एक वस्तू नव्हेच. धुराडं, ढिगारा, बोगद्यातून झिरपणारं आम्लाचं पाणी, खनिज वाहून नेणाऱ्या गाड्यांचा रस्ता: यांतलं प्रत्येक वेगळ्या वाटेनं झाडाकडे जातं. खाण बंद झाली की धुराडं थांबतं. बोगद्यातलं पाणी थांबत नाही. आत पायराइट (लोह-गंधकाचं खनिज), हवा आणि पाणी आहेत तोवर आम्ल तयार होतच राहतं.

खाणीशेजारी सापडलं म्हणजे खाणीचंच, ही उडीही मान्य करता येत नाही. सफरचंदाच्या बागांवर कीडनाशक म्हणून लेड आर्सेनेट एके काळी सर्रास फवारलं जायचं. त्या मातीत आजही शिसं आणि सोमल (आर्सेनिक) दोन्ही आहेत. फॉस्फेट खतात कॅडमियम असतं, खडकाच्या जातीप्रमाणे कमी-जास्त. युरोपीय संघानं फॉस्फेट खतांसाठी मर्यादा घातली ती उगाच नाही, खतातल्या फॉस्फेटच्या (पी-टू-ओ-फाइव्ह) किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियम. मोटारींचं शिसाळलेलं पेट्रोल जगातून गेलं ते २०२१ मध्ये, अल्जीरियानं विक्री थांबवल्यावर. रस्त्याकडेच्या झाडानं ते सगळं बघितलंय. मग यातून वाट काढायची कशी? मला वाटतं उत्तर मॉसमध्ये, म्हणजे दगडांवर-खोडांवर वाढणाऱ्या शेवाळासारख्या हिरव्या वनस्पतीत, आहे, निदान अर्धं. मॉसला खरी मुळं नसतात, अंगावर जाड मेणाचा थर नसतो. त्याचं पोट हवेवर आणि पावसावर. त्यामुळे मॉसमध्ये जे साठलं ते वरून आलं. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी हे तंत्र सुरू झालं आणि पुढे युरोपभर पसरलं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात हवेतलं कॅडमियम हवं त्यापेक्षा जास्त आहे हे कळत होतं, येतं कुठून ते कळत नव्हतं. २०१३ मध्ये झाडांवरचं मॉस शेकडो ठिकाणांहून खरवडून आणलं, नकाशा काढला, आणि लाल ठिपके रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांभोवती गोळा झाले. पिवळ्या-तांबड्या काचेत कॅडमियम घालतात, हे त्यानंतर सगळ्यांना आठवलं. खाणीजवळही मॉस आणि मुळांचं झाड शेजारी शेजारी तपासा. दोघांत धातू असेल तर हवा. फक्त मुळाच्या झाडात असेल तर माती किंवा पाणी. ज्याला हे सुचत नाही तो पहिल्या दिवसापासून वकिलाकडे धावतो.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत बोचरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला स्वतःला सतावतो. लोक ती भाजी आज खातायत. तुम्ही वाटा शोधत बसा. 'आणखी अभ्यास हवा' हे वाक्य दोषी माणसाचं आवडतं वाक्य आहे, हे कोण नाकारेल? जिंझूच्या काठावर तेच झालं. नोबोरु हागिनो या तिथल्याच डॉक्टरांनी १९५७ मध्ये वरच्या अंगाच्या कामिओका खाणीकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांना वेड्यात काढलं गेलं. कुपोषण असेल, जीवनसत्त्व कमी असेल, असं बरंच काही. सरकारनं कॅडमियमचं कारण मान्य केलं ते १९६८ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत त्या बायका आपली मोडकी हाडं घेऊन अंथरुणात होत्या.

पण ही अकरा वर्षं गेली कशावर? कॅडमियम हाडात नेमकं काय करतं, दोष नेमका कुणाचा, यावर. वाट तर आधीच दिसत होती. हागिनोंनी रोग्यांची घरं नकाशावर मांडली होती आणि ठिपके जिंझूच्या पाण्यावर भिजणाऱ्या शिवारातच पडत होते, शेजारच्या नद्यांच्या पाण्यावर नाही. खाण, नदी, पाट, खाचर, भात, ताट. १९७१ मध्ये कोर्टानं रोग्यांच्या बाजूनं निकाल दिला तोही याच तर्कानं: रोग कुठे आहे आणि कुठे नाही यावरून कारण सिद्ध होतं, पेशीच्या आत काय घडतं हे तसूतसूनं उलगडेपर्यंत थांबायची गरज नाही. वाटेचा पुरावा उशीर करतो, हे म्हणणं मला म्हणूनच उलटं वाटतं. उशीर कुळाच्या भांडणानं होतो. स्पेनमध्ये अझ्नालकोयार इथला खाणीच्या गाळाचा बांध १९९८ च्या एप्रिलमध्ये फुटला आणि विषारी चिखल ग्वादियामार नदीच्या काठच्या शेतांवर पसरला. चिखल काही महिन्यांत खरवडून नेला, ती शेतं अन्नपिकातून कायमची काढून घेतली, तिथे हरित पट्टा उभा राहिला. खर्च कुणी सोसायचा यावरची कज्जेदलाली पुढे वीस वर्षांहून जास्त चालली. ती संपेपर्यंत थांबले असते तर?

आणि वाट न कळता केलेला उपाय कधीकधी उपायच नसतो. शिसं धुळीवाटे पानावर येत असेल आणि तुम्ही शेताची माती बदललीत, तर पुढच्या उन्हाळ्यात नव्या मातीवरही तीच धूळ. ढिगारा झाकायला हवा होता. कॅडमियम मुळातून येत असेल तर ढिगारा झाकून काय उपयोग, चुना टाकायला हवा होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. भातात तर वाट दुहेरी आहे. खाचरात पाणी तुंबवून ठेवलं की मातीतला प्राणवायू संपतो, कॅडमियम गंधकाला धरून न विरघळणारं होतं आणि दाण्यात कमी जातं. जिंझूसारख्या ठिकाणी हा रामबाण वाटेल. पण त्याच तुंबलेल्या पाण्यात लोहाची ऑक्साइडं विरघळतात, त्यांना चिकटलेलं सोमल मोकळं होतं, आणि भात त्याला सिलिकॉन समजून आत घेतो. पाणी काढलं की सोमल घटतं, कॅडमियम वाढतं. खाणीच्या मातीत हे दोघं अनेकदा जोडीनंच असतात. इथे 'जड धातू कमी करा' असा सरसकट आदेश काढणारा अधिकारी शेतकऱ्याला एका विषातून दुसऱ्यात ढकलेल. जपानी शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग काढला: कोशिहिकारी भातात ज्या दारातून कॅडमियम शिरतं ते मँगेनीजचं दारच मोडलेलं वाण त्यांनी निवडलं, २०१२ मध्ये ते जाहीर झालं. दार कुठलं हे माहीत होतं म्हणूनच ते मोडता आलं.

शिवाय जुन्या खाणींच्या बाबतीत 'कुणाचा' या प्रश्नाला बऱ्याचदा उत्तरच नसतं. जॉर्डनमधल्या वादी फायनानमध्ये रोमन काळात तांबं गाळलं. तिथल्या झाडांत आणि ती खाणाऱ्या शेळ्यांत आजही ते धातू सापडतात. फिर्याद कुणावर लावणार, सीझरवर? राजस्थानात झावरला शतकानुशतकं जस्त ऊर्ध्वपातनानं काढलं, आणि वापरून टाकलेल्या मातीच्या मुशा तिथल्या लोकांनी घरांच्या भिंतींत रचल्या. ओक्लाहोमातल्या पिचर गावी शिसं-जस्ताच्या खाणीचा खडा ढिगाऱ्यांवरून उचलून रस्त्यांवर, अंगणांत, मुलांच्या वाळूच्या हौद्यांतही टाकला गेला. वारा, पाणी, मूळ यांच्या पलीकडची ही वाट: माणसाची पाटी आणि घमेलं. कुठलंही समस्थानिक ती दाखवत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर कळते. धातूचा माग काढणाऱ्यांच्या पथकात रसायनशास्त्रज्ञाशेजारी असा एक माणूस का नसावा, हे मला कधी समजलेलं नाही.

कामिओकाची गोष्ट १९७१ ला संपली नाही. वरच्या कोर्टातही १९७२ मध्ये खाण हरली आणि दुसऱ्याच दिवशी लोकांनी कंपनीकडून एक करार लिहून घेतला: आम्हाला हवं तेव्हा, तज्ज्ञांना बरोबर घेऊन, खाणीत शिरून तपासणी करता येईल, खर्च तुमचा. खाचरांची माती बदलायचं काम २०१२ पर्यंत चाललं. खनिज काढणं २००१ मध्येच थांबलं. डोंगराच्या पोटात आता न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपणारं सुपर-कामिओकांदे हे यंत्र बसलं आहे. तपासणी मात्र चालूच आहे. खाली भात पिकवणारे गावकरी, वकील आणि प्राध्यापक दर वर्षी वर जातात, सांडपाण्याच्या चाऱ्या, गाळाचे तलाव, सोडून दिलेले बोगदे हिंडून बघतात, आणि कुठल्या तोंडातून किती कॅडमियम खाली येतंय ते विचारतात.